आजोबांची अलेक्झांड्रियाची डायरी आणि आजीला आलेली पत्रं : खरं कोणतं धरायचं?

रावपुरेकर
नमस्कार मंडळी. बडोद्याचा रावपुऱ्यातला आमचा वाडा विकायला काढलाय. दिवाळीपासून माळा उपसणं चालू आहे. पितळी बंबामागे आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली आणि तेव्हापासून मला नीट झोप नाही.

आजोबा बडोदा कॉलेजचे बी.ए. १९४१ मध्ये लष्कराच्या सेन्सॉर कचेरीत कारकून म्हणून इजिप्तला गेले, १९४४ च्या अखेरीस परत आले. आपल्या शिपायांनी घरी लिहिलेली मराठी-गुजराती पत्रं वाचायची, छावणीचं, पलटणीचं किंवा जहाजाचं नाव आलं की काळ्या शाईने खोडायचं, हे काम. घरी एवढंच माहीत होतं. त्यांनी कधी फार सांगितलं नाही, आम्ही विचारलंही नाही.

ट्रंकेत आजीला लिहिलेली ४१ पत्रं आहेत. बाळबोध, मोत्यासारखं अक्षर. सगळीकडे वाळू, उन्हाळा, डाळ शिजत नाही, बाळीला दात आले का. (बाळी म्हणजे माझी आत्या, ते निघाले तेव्हा वर्षाची.) शहराचं नाव एकदाही नाही. त्याखाली एक डायरी, मोडीत. मी मोडीचा छोटा वर्ग केला होता, त्यावर अर्धीमुर्धी लागते. डायरीत वाळूचा कणही नाही! समुद्राकाठचा रस्ता, रामले ट्राम, एका ग्रीकाचं कॉफीचं दुकान आणि पानोपानी 'म.' नावाची कोणी बाई. अकरा ठिकाणी एकच वाक्य आहे : 'आज ती न भेटली.' अकरा वेळा. वाचताना मला घशाशी आलं.

एक फोटोही आहे. आजोबा कोटात उभे, शेजारी खुर्चीत एक बाई, मागे फ्रेंचमध्ये 'माझ्या मित्रास, म., १९४३'. आणि त्यांच्या कचेरीतल्या वाडी मोहल्ल्यातल्या स्नेह्याचं १९४६ चं पत्र. त्यात ओळ आहे : 'म. ची आठवण निघते. तू मध्ये नसतास तर आमचं बोलणंच झालं नसतं.' म्हणजे बाई स्नेह्याची की आजोबांची?

आत्याला पत्रांची छोटी पुस्तिका करून घरच्यांना वाटायची आहे. ती आता ८५ ची आहे. डायरीबद्दल मी तिला अजून बोललो नाही. डायरी पुस्तिकेत घ्यावी का? आणि आपण कोणाचं खरं मानायचं, पत्रांचं, डायरीचं, फोटोचं की त्या स्नेह्याचं?

सुरसागरकाठी
आधी ती ट्रंक कोरड्या जागी हलवा. बाकी मग बोलू.

स्पष्टच बोलतो
यात कोडं काय आहे? लग्न झालेला माणूस, घरी तान्ही मुलगी, तिकडे बाईबरोबर फोटो, डायरी कोणाला वाचता येऊ नये म्हणून मोडीत. याला जे म्हणतात ते म्हणा. तुमच्या आजीने चार वर्षं सासरी एकटीने काढली त्याचा विचार कोणी करणार आहे का? पुस्तिका काढायचीच तर आजीची काढा.

इंदूरकरीण
@स्पष्टच बोलतो, आजीबद्दल म्हणालात ते अगदी पटलं. पण 'कोडं काय' हे नाही पटत.

आमच्या घरची हकीकत सांगते. माझ्या आईचे मामा मराठा पलटणीत होते. २१ जून १९४२ ला लिबियातलं तोब्रुक पडलं, तेव्हा त्यांची अख्खी बटालियन कैद झाली. तिथून इटलीत. १९४३ च्या सप्टेंबरात इटलीने शस्त्रं ठेवली, छावण्यांचे पहारेकरी पळाले आणि मामा डोंगरातल्या एका शेतकऱ्याच्या घरी लपून राहिले. आठ महिने. परत आल्यावर मामीला सांगितलं की घरात म्हातारा-म्हातारीच होती. आईला, ती लहान होती म्हणून, सांगितलं की एक मुलगी होती आणि ती त्यांना चुलीत भाजलेले चेस्टनट द्यायची. माझ्या भावाला शेवटी शेवटी सांगितलं की मुलीचा नवरा रशियाच्या आघाडीवर गेला होता आणि परत आला नाही. प्रत्येकाला थोडं वेगळं. आम्ही सगळे एकदा इंदूरला राजवाड्याजवळच्या घरी जमलो आणि तुकडे जुळवायला बसलो. जुळले नाहीत. पण एकही तुकडा खोटा वाटला नाही.

मामा रोज संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावताना काहीतरी पुटपुटायचे. ते इटालियन होतं हे आम्हाला ते गेल्यावर कळलं.

नकाशेवाला
धागा उत्तम. मला युद्धकाळातल्या भूमध्य समुद्राचं वेड आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट. पत्रात शहराचं नाव नाही यावरून आजोबा लपवत होते असं कृपया धरू नका. कोणालाच गावाचं नाव लिहायची परवानगी नव्हती. दिवसभर दुसऱ्यांच्या पत्रातलं खोडणारा माणूस स्वतःच्या पत्रात ते लिहीलच कसा? वाळू लिहिली, कारण वाळू चालायची.

आता शहर. अलेक्झांड्रियात तेव्हा ग्रीक, इटालियन, ज्यू, आर्मेनियन, सीरियन, माल्टीज आणि अर्थात इजिप्शियन. रस्त्यावरची समाईक भाषा बरीचशी फ्रेंच. ट्रामच्या थांब्यांची नावंच बघा : क्लिओपात्रा, सिदी गाबेर, ग्लिमेनोपुलो, सान स्तेफानो. इजिप्त कागदोपत्री १९४५ च्या फेब्रुवारीपर्यंत युद्धातच नव्हतं आणि बंदरात मात्र ब्रिटिशांचं आरमार. त्याच बंदरात फ्रेंच युद्धनौकाही १९४० च्या जुलैपासून १९४३ च्या मेपर्यंत बिनतेलाच्या, निःशस्त्र उभ्या होत्या. १० जून १९४० ला इटलीने युद्ध पुकारलं आणि कालपर्यंत शेजारी असलेले इटालियन पुरुष छावण्यांत गेले. आपण मित्र की शत्रू, हे अशा गावात माणसाला रोज सकाळी उठून नव्याने विचारावं लागत असणार.

रावपुरेकर, डायरीत डिसेंबर १९४१ च्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काही आहे का? का विचारतो ते नंतर सांगतो.

रावपुरेकर
आहे! अंगावर काटा आला. २२ डिसेंबर १९४१ : 'बंदरातले थोरले जहाज पाण्यात जरा खाली बसल्यासारखे वाटले. वर बँड वाजतो आहे. म. ला दाखवले. ती म्हणाली, तुम्हाला भास होतो.'

नकाशेवाला
भास नव्हता हो!

१८-१९ डिसेंबरच्या रात्री सहा इटालियन पाणबुडे तीन पाणतीरांवर (टॉर्पेडोंवर) स्वार होऊन बंदरात शिरले. क्वीन एलिझाबेथ आणि व्हॅलिअंट या दोन मोठ्या युद्धनौकांच्या बुडाशी त्यांनी स्फोट घडवले. एक तेलवाहू जहाजही जायबंदी झालं. बंदर उथळ, म्हणून क्वीन एलिझाबेथ सरळच्या सरळ तळावर बसली. वरून पाहणाऱ्या शत्रूच्या विमानाला ती तरंगतेच आहे असं वाटावं म्हणून डेकवरचे नित्याचे सोहळे चालू ठेवले. चर्चिलने पार्लमेंटला हे सांगितलं ते १९४२ च्या एप्रिलमध्ये, तेही गुप्त बैठकीत.

म्हणजे ज्या गोष्टीबद्दल सगळं जग अंधारात होतं, ती रावपुऱ्यातला एक कारकून उघड्या डोळ्यांनी पाहून आपल्या वहीत लिहीत होता. माझ्या दृष्टीने ही डायरी पुस्तिकेत आलीच पाहिजे.

कोठीवरून
आणि ती बाई का बरं म्हणाली 'भास होतो' म्हणून? इटालियन तर नव्हती ना? :)

स्पष्टच बोलतो
झाली, हेरकथा सुरू झाली.

इंदूरकरीण
किंवा भीतीने म्हणाली असेल. असलं बोलणं कोणी ऐकलं तर लष्करातल्या कारकुनाचं काय झालं असतं? मला तर ते 'गप्प बसा' असं ऐकू येतंय. माझी आई बाबांना असंच म्हणायची.

मोडी वाचक
@रावपुरेकर, 'आज ती न भेटली' असलेल्या एका ओळीचा फोटो टाकता का? मला एक शंका आहे.

रावपुरेकर
टाकला आहे. पान १४ आणि पान ३७.

मोडी वाचक
जे वाटलं तेच निघालं. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लिहीत जातात. शब्दांमध्ये जागा सुटत नाही. ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत, अनुस्वार बहुतेक गळतात. पान १४ वर तुमच्या आजोबांनी लिहिलंय ते असं :

आजतीनभेटली

तुम्ही वाचलंत 'आज ती न भेटली'. मी वाचतो 'आज तीन भेटली'. तीन पत्रं! आणि आपण बडोद्याचे लोक मिळालं म्हणायच्या जागी भेटलं म्हणतोच ने? गुजरातीत 'मळवुं' एकच, माणूसही मळतो आणि पत्रही मळतं. माझी आजी 'रेशनची साखर भेटली' म्हणायची. घरून टपाल यायचं ते गठ्ठ्याने. कधी महिना महिना काही नाही आणि मग एकदम तीन. परमुलखातला माणूस डायरीत तेच लिहिणार.

तेव्हा अकरा वेळा विरह नव्हे, अकरा वेळा आजीची पत्रं.

सुरसागरकाठी
वा! वा!! डोळ्यांत पाणी आलं.

कोठीवरून
एका जागा सोडण्याने आजोबा सुटले.

रावपुरेकर
मोडी वाचक, तुमचे उपकार कसे फेडू. रात्री एकपर्यंत बसून अख्खी डायरी पुन्हा चाळली. 'आजदोनभेटली' चार ठिकाणी आहे. 'आजकाहीनभेटले' तर कितीतरी वेळा. म्हणजे तुमचं बरोबर.

पण पान ३७ ही तुम्ही पाहिलंत ना? तिथे 'आजतीनभेटली' च्या पुढे लगेच आहे : 'उद्या सिदी गाबेरला उतरून पाहतो.' पत्रं काही ट्रामच्या थांब्यावर शोधायला जात नाहीत. तारीख ३ जुलै १९४२.

मोडी वाचक
हो, पाहिलं होतं. लिहायला धीर झाला नाही. पान ३७ वर 'ती न भेटली' च.

नकाशेवाला
३ जुलै १९४२! त्या आठवड्यात शहरात काय चाललं होतं ते ऐका. जर्मन सेनापती रोमेल एल अलामेनला येऊन ठेपला होता, शहराच्या पश्चिमेला जेमतेम शंभर किलोमीटर. १ जुलैला देर एल शैन इथे १८ व्या हिंदी ब्रिगेडने त्याला दिवसभर रोखून धरलं आणि त्यात ती ब्रिगेड जवळजवळ संपली. आरमार अलेक्झांड्रिया सोडून निघून गेलं होतं. कैरोत ब्रिटिश कचेऱ्या कागद जाळत होत्या, जळकी पानं रस्त्यावर उडत होती. ज्यू कुटुंबं मिळेल त्या गाडीने पॅलेस्टाइनकडे निघाली होती, कारण जर्मन आले तर पुढे काय हे त्यांना ठाऊक होतं.

अशा दिवशी ओळखीचं माणूस नेहमीच्या जागी दिसलं नाही, तर कोणीही दुसऱ्या दिवशी ट्रामने जाऊन पाहील. त्याला प्रेमच लागतं असं नाही. प्रेम नसेल असंही मी म्हणत नाही.

स्पष्टच बोलतो
हे वाचून मी थोडा नरम आलो आहे. पण माझा मूळ मुद्दा सोडत नाही. ३ जुलैच्या आसपास आजीला पत्र गेलं का? त्यात काय आहे?

रावपुरेकर
५ जुलैचं पत्र आहे. 'येथे सर्व क्षेम. उन्हाळा फार. बाळीस गोवर आला होता असे दादांच्या पत्रावरून कळले, तुम्ही का लिहिले नाही? मजपासून काही लपवीत जाऊ नये.'

इंदूरकरीण
'मजपासून काही लपवीत जाऊ नये.' अहो...

डांडिया बाजार
उशिरा आलो. जरा वेगळं लिहितो. १९४३ मधल्या माणसाला आपण तोलतो आहोत, तर त्या वर्षी खुद्द बडोद्यात काय चालू होतं ते आठवा. महाराज प्रतापसिंहराव सीतादेवींच्या प्रेमात पडले. त्या पूर्वीच विवाहित. ते लग्न तुटावं म्हणून त्यांनी मुसलमान धर्म स्वीकारला, मग आर्यसमाजी पद्धतीने पुन्हा हिंदू झाल्या आणि महाराजांशी लग्न केलं. आणि संस्थानात दुसऱ्या लग्नाला बंदी करणारा कायदा होता! माझे आजोबा सांगायचे की मांडवीत पानाच्या गादीवर या लग्नाच्या रोज नव्या चार हकिगती मिळत आणि सांगणारा प्रत्येक जण राजवाड्यातून ऐकून आलेला असे. युद्धाच्या बातम्या मागे पडल्या होत्या.

मेधा
@डांडिया बाजार, विषयांतर वाटलं तरी धर्म बदलण्याचा मुद्दा इथे फार कामाचा आहे. मी वकील आहे म्हणून लक्षात आलं. इजिप्तमध्ये तेव्हा सगळ्यांना चालेल असं नागरी लग्नच नव्हतं. ग्रीकांचं त्यांच्या चर्चपुढे, ज्यूंचं रब्बींपुढे, मुसलमानांचं शरियत कोर्टात. परदेशी लोकांच्या दिवाणी आणि व्यापारी खटल्यांसाठी मिश्र न्यायालयं होती, ती १९४९ पर्यंत चालली, पण लग्न आणि घटस्फोट ज्याच्या त्याच्या जमातीकडे. त्यामुळे वेगवेगळ्या जमातींतल्या दोघांना एकत्र यायचं तर बहुतेक वेळा एकाने धर्म सोडायचा, नाहीतर तसंच राहायचं. त्या शहरातल्या प्रेमप्रकरणांत इतका गुंता दिसतो त्याचं निम्मं कारण हा कायदा. माणसं चंचल होती असं नाही.

आता त्या स्नेह्याच्या ओळीकडे पुन्हा बघा : 'तू मध्ये नसतास तर आमचं बोलणंच झालं नसतं.' रावपुरेकर, आजोबांना फ्रेंच येत होतं का? आणि स्नेह्याला?

रावपुरेकर
आजोबांना येत होतं, कॉलेजात फ्रेंच घेतलं होतं. स्नेही मॅट्रिक, त्यांना नसणार. डायरीतही एके ठिकाणी आहे, 'दोघांचे बोलणे सांगता सांगता माझी कॉफी गार झाली.' हे मी आधी वाचलं तेव्हा कचेरीतलं काम समजलो होतो.

मेधा
मग दुभाषी होते तुमचे आजोबा. दुसऱ्याच्या प्रेमातले.

इंदूरकरीण
आणि दुभाष्यालाच ती आवडायला लागली नसेल कशावरून? दुसऱ्याचं 'तू मला आवडतेस' आपल्या तोंडाने रोज तिला सांगायचं. मला तर हेच सगळ्यात जास्त पटतं, आणि याला पुरावा एकही नाही.

स्पष्टच बोलतो
आत्याला विचारा. आपण सगळे इथे त्यांच्या घरातलं बोलतोय आणि घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला पत्ता नाही. हे मला बरं वाटत नाही.

सुरसागरकाठी
+१. आत्याला सांगा.

रावपुरेकर
(चार दिवसांनी.) सांगितलं. रविवारी लीलो चेवडो आणि डायरी घेऊन गेलो. फोटो तिच्या हातात दिला. तिने चष्मा पुसला, फोटो खिडकीकडे नेला आणि म्हणाली, 'हा होय. हा आईने मला दाखवला होता.'

मी गारच. आत्याने सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करतो.

'मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. १९५७ चा जानेवारी असेल, संक्रांतीच्या आसपास, कारण आई तीळ भाजत होती. परदेशी तिकिटाचं पाकीट आलं. बाबा कामाला भरूचला गेले होते. आईने पाकीट फोडलं, बघितलं तर वाचता येईना. तिने पदराला हात पुसले, मला बरोबर घेतलं आणि आम्ही कॉलेजातल्या फ्रेंचच्या प्रोफेसरांकडे गेलो. त्यांनी वाचून सांगितलं, एका बाईंना आपलं गाव सोडावं लागलंय, एक पेटी घेऊन त्या जहाजाने निघाल्या, आता अमुक ठिकाणी आहेत, पत्ता बदललाय. एवढंच. घरी आल्यावर आईने मला हा फोटो काढून दाखवला. म्हणाली, ही ती. तुझ्या बाबांच्या कचेरीत होती, हिने त्यांना तापात पेज करून घातली होती. बाबा आल्यावर तिने पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, उत्तर लिहा, लगेच लिहा.'

मी विचारलं, आणि ते पत्र कुठे आहे? आत्या म्हणाली, आईने बंबात घातलं. माझे वडील मात्र नेहमी सांगायचे, की आजोबांनीच काही परदेशी पत्रं जाळली होती आणि आजी दोन दिवस बोलली नव्हती. वडील तेव्हा दहा वर्षांचे. कोणाचं धरू?

नकाशेवाला
तारीख अचूक आहे. १९५६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुएझचं युद्ध झालं आणि त्यानंतर ब्रिटिश, फ्रेंच आणि हजारो ज्यू लोकांना इजिप्त सोडावं लागलं, थोडकं सामान घेऊन. ग्रीकही पुढच्या काही वर्षांत, राष्ट्रीयीकरणानंतर, बहुतेक निघून गेले. तुमच्या म. बाईंचं शहर तेव्हा मोडलं.

कोठीवरून
मी वर हेर म्हणून चेष्टा केली होती. ती मागे घेतो. तापात पेज करून घालणारी बाई.

मोडी वाचक
आणि डायरी पुस्तिकेत घ्यायची का, हा मूळ प्रश्न राहिलाच. आत्या काय म्हणाल्या?

रावपुरेकर
तेच सांगायला आलो. मी तिला दोन्ही वाचनं वाचून दाखवली. 'आज तीन भेटली' आणि 'आज ती न भेटली'. ती बराच वेळ पान ३७ वरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, 'सगळं छाप. पत्रं छाप, वही छाप, फोटो छाप. फक्त तो शब्द तू तोडू नकोस. त्यांनी जोडून लिहिलाय, तू जोडूनच ठेव.'

तेव्हा मोडीची ती दोन पानं जशीच्या तशी स्कॅन करून टाकायची आणि लिप्यंतरातही सगळीकडे 'आजतीनभेटली' ठेवायचं ठरलं. मोडी वाचक, बाकीच्या पानांना तुमचा हात लागेल का? अजून निम्मी डायरी मला लागलेली नाही.

मोडी वाचक
रविवारी सकाळी येतो. भिंग आणतो. दुपारचं जेवण तुमच्याकडे.

इंदूरकरीण
माझ्यासाठी एक प्रत ठेवा. पोस्टाने पाठवा. मला भेटू दे.